‘आम्ही कोण?’: आधी ओळ कुठे थांबते ते बघा
केशवसुतांची ‘आम्ही कोण?’ म्हणजे टीकाकारांना दाखवलेली नुसती ऐट, आणि तिच्यात निसर्गाचं गूढही आहे, असं एक मत ऐकू येतं; मला ते अर्धंच पटतं. ऐट आहेच. पण अर्थ लावण्याआधी वृत्त मोजा: शार्दूलविक्रीडित, ओळीला 19 अक्षरं, 12व्यावर यती (म्हणजे थांबा). ‘आम्ही कोण म्हणूनि काय पुससी? आम्ही असू लाडके-’ या पहिल्या ओळीत तो यती नेमका ‘पुससी’वर येतो. प्रश्न तिथे संपतो, उरलेल्या 7 अक्षरांत उत्तर सुरू होतं. (गण, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे गट, पाडताना ‘म्हणूनि’तल्या ‘म्ह’मुळे ‘कोण’मधला ‘ण’ गुरू, म्हणजे दीर्घ, धरू नका, तो लघुच, म्हणजे ऱ्हस्वच, नाहीतर ‘स’गण (लघु-लघु-गुरू) बिघडतो.) उत्तर मात्र ओळीत मावत नाही: ‘लाडके’वर ओळ संपते आणि ‘देवाचे’ पुढच्या ओळीत जातं. मालगुंडच्या, म्हणजे केशवसुतांच्या जन्मगावच्या, स्मारकात मोठ्याने वाचताना ‘लाडके’वर दम घेतलात तर देव गळतो आणि तोरा तेवढा उरतो.

निसर्गाच्या गूढाचा मुद्दा खरा शेवटी आहे. ‘आम्हांला वगळा’ तिथे दोनदा येतं. पहिल्यांदा तारांगणं निस्तेज होतात, म्हणजे आभाळाचं गूढही बघणाऱ्याच्या प्रतिभेवर टिकून आहे. दुसऱ्यांदा जिणंच कवडीमोल होतं. लोक या दोनांतली पहिलीच ओळ उद्धृत करतात, मग हे सुनीत (चौदा ओळींची कविता) निसर्गकविता भासतं.