जयंती नाल्याचा स्टुडिओ प्रोजेक्ट: पूररेषा नकाशावर कशी आणायची?

रंकाळाकाठ: पर्यावरण नियोजन, दुसरं वर्ष. कोल्हापूरच्या जयंती नाल्याचा शहरातला पट्टा घेतलाय. काठाने हिरवा पट्टा आणि पावसाचं पाणी मुरवायची जागा दाखवायची आहे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी 43 फूट क्यूजीआयएसमध्ये (नकाशांचं सॉफ्टवेअर) एसआरटीएमवर (उपग्रहासारख्या उंचीवरून मोजलेल्या जमिनीच्या उंचीचा डेटा) टाकली की एकतर अर्धं शहर बुडतं, नाहीतर काहीच बुडत नाही. ज्युरी (परीक्षकांसमोरचं सादरीकरण) पंधरा दिवसांवर.

नकाशेवाला: भावा, 43 फूट हे बंधाऱ्यावरच्या पट्टीचं वाचन आहे, समुद्रसपाटीपासूनची उंची नव्हे. पट्टीचा शून्य किती मीटरवर आहे ते पाटबंधारेकडून घे, मग त्यात 13.1 मीटर मिळव.

तरीही एसआरटीएमवर रेषा काढू नको. इशारा पातळी 39 आणि धोका 43, म्हणजे सगळा खेळ सव्वा मीटरचा. एसआरटीएमचा पिक्सेल (एक चौकोन) 30 मीटरचा, उंचीतली चूक कित्येक मीटरची, आणि दाट वस्तीत ती उंची जमिनीची नसून बरीचशी छपरांची. पूल तर त्यात धरणासारखे आडवे येतात. पाणलोट क्षेत्राची ढोबळ हद्द काढण्यापुरता तो वापर.

पूररेषेसाठी जलसंपदा विभागाचा नकाशा घेऊन जिओरेफरन्स कर, म्हणजे त्यावरच्या खुणा खऱ्या जागांशी जुळव. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. किमान सहा खुणा, नकाशाभर पसरलेल्या, रस्त्यांच्या चौकांवर किंवा पुलांच्या टोकांवर. नदीकाठावर खूण नको, काठ सरकतो. प्रोजेक्शन (मीटरमध्ये मोजणारी नकाशाची पद्धत) ईपीएसजी 32643. अक्षांश-रेखांशात ठेवलंस तर बफर (रेषेपासून ठरावीक अंतराचा पट्टा) मीटरमध्ये निघणारच नाही.

काळी_माती: नाल्यात दोन वेगळी पाणी येतात. एक शहरावरच्या पावसाचं, ते झटकन चढतं आणि उतरतं. दुसरं पंचगंगेचा फुगवटा (नदी चढली की नाल्यात उलटं शिरणारं पाणी), तो मागे सरकत येतो आणि दिवसेंदिवस हलत नाही. हिरवा पट्टा पहिल्यासाठी आखतात आणि दुसऱ्यात मरतो. निळ्या रेषेच्या आत करंज, जांभूळ, उंबर, वाळुंज असली पाणी सोसणारी झाडंच दाखव. लॉन नको, गाळ बसला की संपलं.

मुरवण्याची जागा ठरवण्याआधी खड्डा घे: 30 सेंमी लांब-रुंद, 60 सेंमी खोल. आदल्या रात्री भरून ठेव. सकाळी पुन्हा भरून दर अर्ध्या तासाला पातळी मोज, सलग तीन वाचनं सारखी येईपर्यंत. रात्रीचं भिजवणं टाळलंस तर काळ्या मातीच्या भेगा पाणी गटागटा पितात आणि आकडा खोटा येतो. तासाला 13 मिमीपेक्षा कमी मुरत असेल तर तळाशी छिद्रांचा निचरा पाइप द्यावाच लागेल. आणि फक्त छपराचं, रस्त्याचं पाणी मुरव. नाल्यातलं नको, त्यात सांडपाणी आहे.

गवंडीकाम: सेक्शनसाठी (काठाच्या उभ्या छेदाचं चित्र) गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल नळी पुरते. नळीत बुडबुडा राहिला तर लेव्हल चुकते, वापरण्याआधी दोन्ही टोकं शेजारी धरून तपास. शाहूपुरी, सुतारवाडा भागात 2019 आणि 2021 च्या पुराच्या खुणा भिंतींवर सापडतील, पण वर्ष रहिवाशांना विचारूनच लिही. दोन्ही पातळ्या एकाच सेक्शनवर दाखव. उभं-आडवं माप 1:200 असंच सारखं ठेव. उभं ताणलंस की काठ कड्यासारखा दिसतो आणि ज्युरी उतारावरच अडकते.

रंकाळाकाठ: पट्टीच्या शून्यासाठी सोमवारी अर्ज टाकतो. जिओरेफरन्समध्ये चूक किती मीटरपर्यंत चालेल?

नकाशेवाला: नकाशा 1:5000 चा असेल तर अडीच मीटरच्या आत आण. त्यापेक्षा जास्त आली तर सगळ्यात वाईट खूण काढून तिथे दुसरी घे, नुसती काढून टाकून आकडा सुधारू नको.