जुन्या अंगणवाडी नोंदवह्यांवर जीवनक्रम संशोधनाचा निबंध : याला समूह-अभ्यास म्हणता येईल का?

प्रश्न : आरोग्यशिक्षिका, नाशिक

नमस्कार. मी नाशिकमध्ये सार्वजनिक आरोग्य हा विषय शिकवते. जीवनक्रम संशोधनावरील, म्हणजे बालपणातील परिस्थितीचा पुढील आयुष्यातील आरोग्यावर होणारा परिणाम तपासणाऱ्या संशोधनावरील, एका परिषदेसाठी निबंधाचा गोषवारा पाठवायचा आहे. परिषदेचा सगळा भर जन्मापासून अनेक दशके त्याच व्यक्तींचा पाठपुरावा केलेल्या समूह-अभ्यासांवर आहे, आणि तसा अभ्यास आमच्याकडे नाही. मात्र सुरगाणा व पेठ तालुक्यांतील काही अंगणवाड्यांच्या वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या वजनाच्या नोंदवह्या सेविकांनी जपून ठेवल्या आहेत. त्यांतील मुले आता कमावती झाली असून बरीचशी स्वतः आईबाप आहेत.

अडचण अशी की यांतील अनेक कुटुंबे भाताची कापणी उरकली की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर मजुरीला जातात. एका मुलीच्या ओळीत दिवाळीपर्यंत दरमहा वजन आहे, पुढचे रकाने कोरे आहेत, समासात पेन्सिलीने ‘बागेवर’ असे लिहिले आहे, आणि शिमग्यानंतर वजन पुन्हा सुरू होते. अशा ओळी पुष्कळ आहेत. या सामग्रीला समूह-अभ्यास म्हणावे का, आणि कोऱ्या रकान्यांचे काय करावे?

उत्तर १ : संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक

मॅडम, अवश्य म्हणावे. फक्त ‘पूर्वलक्षी’ (आधीच झालेल्या नोंदींवर मागे वळून केलेला) हे विशेषण न विसरता लावावे. या विद्याशाखेतील एक अत्यंत महत्त्वाचा निष्कर्ष अशाच नोंदवह्यांतून आला आहे. इंग्लंडमधील हर्टफोर्डशर परगण्यात 1911 पासून आरोग्यसेविका घरोघरी जाऊन बाळाचे जन्मवजन आणि एक वर्षाचे झाल्यावरचे वजन वहीत लिहीत असत. त्यामागे संशोधनाचा हेतू नव्हता, बाळे जगावीत एवढाच होता. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ डेव्हिड बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वह्यांतून 1911 ते 1930 या काळात जन्मलेल्या 5,654 पुरुषांचा माग काढला. एक वर्षाच्या वयात ज्यांचे वजन सर्वांत कमी होते, त्यांच्यातच पुढे हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वाधिक असल्याचे त्यांनी 1989 मध्ये प्रसिद्ध केले. तेव्हा आपल्याकडे घरी झालेल्या बाळंतपणांमुळे जन्मवजन नसेल, तरी पहिल्या-दुसऱ्या वर्षाची वजने पुरेशी मोलाची आहेत.

त्या पहिल्या अभ्यासात केवळ पुरुष का होते, याकडे मात्र आपण विशेष लक्ष द्यावे. लग्नानंतर स्त्रियांची आडनावे बदलल्याने त्यांचा शोध घेणे अवघड होते. आपल्याकडे तर लग्नानंतर मधले नावही बदलते आणि बहुतेक वेळा गावही. आपण सहज सापडतील तेवढ्यांनाच गाठले, तर निबंध नकळत गावात राहिलेल्या मुलग्यांचा होईल. बालपणीच्या कुपोषणाचा परिणाम पुढच्या पिढीपर्यंत पोहोचतो तो प्रामुख्याने मुलींच्या गर्भारपणातून, म्हणून ही उणीव मला सर्वांत गंभीर वाटते.

उत्तर २ : पुण्यातील संशोधक

सरांशी पूर्ण सहमत आहे. कोऱ्या रकान्यांत सरासरी वजन भरण्याचा मोह टाळावा, कारण नोंदींतील ती गळती योगायोगाने झालेली नाही. ज्या घरात धान्य लवकर संपते तेच घर आधी बाहेर पडते. त्यामुळे ‘बागेवर’ ही नोंद स्वतंत्र माहिती म्हणून संगणकात भरावी, आणि किती हंगाम मूल गावाबाहेर होते याचा पुढच्या उंची-वजनाशी संबंध तपासावा. माझ्या मते निबंधाचा खरा विषय हाच आहे.

न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात जन्मलेल्या मुलांच्या समूह-अभ्यासाकडे सगळे आदराने पाहतात. तेथे 1972-73 मध्ये जन्मलेल्या 1,037 मुलांपैकी जी हयात होती त्यांतील 94 टक्के व्यक्ती वयाच्या 45 व्या वर्षीही तपासणीला आल्या. परदेशी स्थायिक झालेल्यांनाही प्रवासखर्च देऊन बोलावले जाते. तितका पैसा आपल्याकडे नाही, हे उघड आहे. परंतु पुणे जिल्ह्यातील सहा गावांत 1993 मध्ये केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने सुरू केलेला गर्भवतींच्या पोषणाचा अभ्यास डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली मुलांच्या तारुण्यापर्यंत चालला. भारतीय बाळ वजनाने कमी असूनही त्याच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते, हे त्यातूनच पुढे आले. गोषवाऱ्यात त्याचा आधार अवश्य घ्यावा.

आणखी एक सूचना. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे तुलनेसाठी जरूर वापरावेत, पण प्रत्येक फेरीत घरे नव्याने निवडली जातात. एकाच व्यक्तीत काळानुसार झालेला बदल त्यातून दाखवता येत नाही, आणि परीक्षक नेमके तेथेच बोट ठेवतील.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. मुलींचा मुद्दा माझ्या मनात आलाच नव्हता. लग्न होऊन गेलेल्या मुलींचा शोध प्रत्यक्षात घ्यावा तरी कसा?

उत्तर ३ : निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका

ताई, नोंदवहीत आईचे नाव असते, तेथून सुरुवात करा. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जन्मतारीख आणि दाखला काढल्याची तारीख मिळते, पण मुलगी कोणत्या गावी दिली हे माहेरची माणसेच सांगतात. सेविका त्याच पाड्यावरची असल्यामुळे तिच्यासोबत गेलात तर दार उघडते. एकट्या कागद घेऊन गेलात तर लोकांना योजनेची चौकशी आली असे वाटते. बागेवर गेलेल्यांसाठी टोळीच्या मुकादमाला विचारा, मात्र वजन-उंची घेताना तो समोर नसावा, कारण उचल घेतलेला माणूस त्याच्यासमोर मोकळेपणाने बोलत नाही. शक्यतो खरड छाटणी (द्राक्षवेलींची उन्हाळ्यातली छाटणी) संपल्यानंतर, माणसे पेरणीसाठी घरी परतली की जा.

संमतीचेही बघा. लहानपणी वजन केले तेव्हा कोणी कोणाला विचारले नव्हते. आता ती मुले सज्ञान आहेत, म्हणून जुनी नोंद वापरण्यासाठीही त्यांची स्वतंत्र परवानगी घ्यावी, आणि सासरी राहणाऱ्या मुलीची परवानगी तिच्याकडूनच, सासू किंवा नवऱ्याला बाजूला ठेवून घ्यावी. जी नाही म्हणेल तिची ओळ अभ्यासातून काढून टाकावी.