‘पीडीएफ करा न् मोकळे व्हा’ म्हणणाऱ्यांनो, जरा इकडे या

कागदीघोडा: काल एकाने पोस्ट टाकलीय की पेज लेआउट वगैरे सगळी थेरं, मजकूर कसाही टाइप करा, शेवटी पीडीएफ करा न् मोकळे व्हा. अहो मोकळे तुम्ही होता, ती फाइल नंतर ज्याच्या गळ्यात पडते त्याचं काय? नवीन पान हवं म्हणून धडाधड एंटर मारलेले, वर एक ओळ वाढवली की खालचे सगळे मथळे घसरले. कंट्रोल एंटर दाबलं की पेज ब्रेक येतो, एवढंही जमू नये? मधलं एकच पान आडवं हवं तर आगेमागे सेक्शन ब्रेक, म्हणजे पानाची मांडणी तिथून बदलणारी खूण, टाकायचा, ते नाही, अख्खी फाइल आडवी करणार आणि वर सॉफ्टवेअरच्या नावाने बोंब.

रिकामटेकडा: पोस्ट माझीच. डॉकएक्समध्ये, म्हणजे वर्डच्या फाइलमध्ये, पानं अशी नसतातच हो, ज्याच्या मशीनवर फाइल उघडते ते आपापली पानं पाडतं. तिथे तुमचा फॉन्ट नसला की दुसरा बसतो, ओळी तुटतात, झालं तुमचं मोजूनमापून लावलेलं मार्जिन. पीडीएफ जागचं हलत नाही.

कागदीघोडा: हलत नाही हेच तर दुखणं! दुरुस्तीसाठी परत वर्डमध्ये आणून बघा, प्रत्येक ओळीचा वेगळा परिच्छेद आणि तक्त्याच्या जागी टेक्स्ट बॉक्सचा ढिगारा.

जुनाटंक: तुमचं निदान वाचता तरी येतं. जुन्या फॉन्टमधली मराठी युनिकोडात, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, आणून दाखवा. रफार तिथे अक्षरानंतर टाइप व्हायचा, युनिकोडात आधी लागतो, म्हणून ‘वर्ष’चं ‘वषर्’. पहिल्या वेलांटीचं नेमकं उलट, ‘शक्ति’चं ‘शक्ित’. आमच्या अंकाचं सगळं जुनं साहित्य असं पडलंय.

फुकटफौजदार: सगळ्यांनी ओडीटी हा खुला फाइल फॉरमॅट वापरा, विषय संपला. 2006 पासून आयएसओचं आंतरराष्ट्रीय मानक आहे.

जुनाटंक: ओडीटीत टाकून ‘वषर्’ सरळ होणारे का? आणि मानकच पाहिजे तर डॉकएक्सलाही 2008 मध्ये मिळालंय. दोन्ही अनझिप करा, आत एक्सएमएलच, म्हणजे खुणा घातलेला साधा मजकूर, निघतं. रोग फॉन्टच्या एन्कोडिंगचा, म्हणजे कुठल्या कोडला कुठलं अक्षर याचा, आणि औषध फॉरमॅटचं.

रिकामटेकडा: पण असले फॉन्ट वापरायची अवदसा आठवली कशाला? हौस दांडगी.

जुनाटंक: तोंड सांभाळून बोला. तेव्हा डीटीपीत, म्हणजे छपाईची पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोड टाकलं की जोडाक्षरं फुटायची, छपाई काय तुमच्या सल्ल्यासाठी थांबवणार होतो? रात्र रात्र बसून एकेक रफार हाताने हलवलाय आम्ही.

कागदीघोडा: मूळ मुद्दा पेज ब्रेकचा होता, आठवतंय का कुणाला?

रिकामटेकडा: बरं महाराज, मारतो कंट्रोल एंटर, झालं समाधान? पण तुमचा तो सेक्शन ब्रेक पुसला की वरची उभी पानंही आडवी होतात, त्याचं काय?

कागदीघोडा: होणारच. सेक्शनची मांडणी त्याच्या शेवटच्या ब्रेकमध्ये असते, तोच उडवलात तर वरचा मजकूर खालच्या सेक्शनची मांडणी घेणार. पुसता कशाला?

रिकामटेकडा: दिसत नाही म्हणून! लपलेली चिन्हं चालू ठेवून कोण लिहितं?

कागदीघोडा: मी.

जुनाटंक: तुमचं चालू द्या. रफाराला जोडाक्षरावरून उडी मारून मागे नेणारा कन्व्हर्टर कुणाकडे असेल तर सांगा, माझ्या ‘कर्त्या’चा अजून ‘कत्यार्’ येतोय.