मदत हवी: फोटोतलं हे सांबर की बारशिंगा? संध्याकाळपर्यंत सांगा

घाईत_आहे: मंडळी अर्जंट आहे. प्रदर्शनाचा बोर्ड आज छापायला जातोय, फोटोखाली नाव आणि ‘कमी का झाले’ यावर दोन ओळी हव्यात. शिंगांची टोकं तीनदा मोजली, दहाच भरतात, म्हणजे बारशिंगा नाही ना?

गवत्या: फोटो कुठाय? आणि काढलाय कुठे?

घाईत_आहे: अपलोड होईना. मध्य प्रदेशातल्या कान्हाच्या जंगलातला आहे, अजून कुठला असणार!

रानभैरी: अजून कुठला म्हणजे? उत्तर प्रदेशातल्या दुधव्यात आहेत, काझीरंग्यात आहेत, शिवाय काश्मीरच्या हंगुललाही लोक बारशिंगाच म्हणतात, तो प्राणीच वेगळा. बारा मोजत बसू नका, दहा ते चौदा काहीही भरतात. सांबराला एका बाजूला तीन, झाली सहा.

लेन्सवाला: ४०० ची लेन्स होती का? ट्रायपॉड न्या पुढच्या वेळी, जिप्सीत हात हलतोच.

रानभैरी: त्यांनी ते विचारलंय का?

जुनाखोड: दोन ओळीत काय, एका शब्दात लिहा, शिकार.

गवत्या: काका, शिकार होतीच, पण हा प्राणी जवळजवळ नुसत्या गवतावर जगतो आणि पाडसं उंच गवतात दडवतो. कुरणं शेतीत गेली, उरली त्यात गुरं घुसली, मग वाघाला पाडस आयतंच. १९७० ला कान्हात ६६ उरले होते. पुढे कुंपणात वाढवले, कोअरमधली, म्हणजे जंगलाच्या गाभ्यातली गावं हलवली, तिथे गवत आलं तेव्हा कळप वाढले.

जुनाखोड: आणि गावकऱ्यांचं काय झालं ते कोण लिहिणार?

गवत्या: लिहायलाच हवं, पण दोन ओळीत मावणार नाही. वेगळा धागा काढा, मी येतो. बोर्डावर हे टाका की कान्हातले सगळे एकाच जंगलात राहिले तर एका साथीत खलास, म्हणून २०१५ पासून सातपुडा व्याघ्र प्रकल्पातही नेऊन सोडलेत.

पोपटराव: काळवीट पण हरीणच ना?

रानभैरी: नाही, काळवीट या कुळातलं नाही. काळविटाची शिंगं गळत नाहीत, बारशिंग्याची दरवर्षी गळतात. घाईत, महिना कुठला होता? अंगावर कायकाय दिसतंय?

घाईत_आहे: डिसेंबर, मुक्की गेटकडून आत गेलो होतो. अंग तपकिरी, केसाळ. शिंगांवर ओल्या गवताचा भारा लोंबत होता, कुठेतरी अडकला असेल म्हणून तेवढं क्रॉप केलं.

रानभैरी: क्रॉप केलंत?! अहो माजावर आलेला नर मुद्दाम शिंगं गवतात घुसळून तो भारा मिरवतो! बारशिंगाच आहे, आणि तोच फोटो लावा.

घाईत_आहे: मूळ फाइल दुसऱ्या कार्डात आहे बहुतेक. छापखान्याचा फोन येतोय, थांबा.