मदत हवी आहे: गर्भजलामुळे बहिणीचं रक्त गोठेना, असं का झालं?

धाकट्या बहिणीचं बाळंतपण होऊन पाच आठवडे झाले. आई-बाळ दोघंही सुखरूप आहेत. पण पाणमोट फुटल्यावर तासाभरात तिला एकदम दम लागला, बीपी उतरलं, घाईनं सिझर केलं आणि मग रक्त थांबेचना. गोठतंय का हे बघायला सिस्टरनी तिचं थोडं रक्त साध्या काचेच्या नळीत घेऊन ठेवलं होतं. मधूनमधून त्या नळी तिरकी करून बघायच्या. २० मिनिटं झाली तरी ते पाण्यासारखंच हलत होतं. अजून ती नळी डोळ्यांपुढून जात नाही.

कागदांवर 'अम्नियॉटिक फ्लुइड एम्बोलिझम, डीआयसी' लिहिलंय, म्हणजे गर्भजल आईच्या रक्तात शिरणं आणि रक्त गोठण्याची यंत्रणाच बिघडणं. गर्भजलात म्हणे रक्त गोठवणारे घटक असतात. मग रक्त उलट वाहिलं कसं? शिवाय फायब्रिनोजेन (रक्त गोठायला लागणारं प्रथिन) १५० आलं होतं, छापील नॉर्मल २०० ते ४००. एवढ्याशा फरकासाठी क्रायोच्या (दात्यांच्या रक्तातून वेगळ्या काढलेल्या गोठवणाऱ्या घटकांच्या) पिशव्यांची इतकी धावपळ का?

खरं विचारायचंय ते आईसाठी. कळा सुरू झाल्यावर तिनंच बहिणीला फेऱ्या मारायला लावल्या होत्या. तेव्हापासून ती स्वतःला दोष देतेय. बाळाला घेतानाही तिचे हात कापतात. चालण्यानं असं होतं का?

प्रतिसाद:
ताई, मी भूलतज्ज्ञ आहे. आधी आईंचं: चालण्यानं हे होत नाही. कोणाला होईल हे आधी सांगणारी तपासणी नाही, टाळायचा उपाय नाही. गर्भाच्या पेशी आईच्या रक्तात गेल्या तरी बहुतेकींना काहीच होत नाही. एखादीचंच शरीर असं पेटून उठतं.

आता रक्ताचं. गर्भजलात टिश्यू फॅक्टर, म्हणजे रक्त गोठणं सुरू करणारं प्रथिन, असतो. तो रक्तातल्या फॅक्टर सात या गोठवणाऱ्या घटकाला जाऊन भिडला की गोठण्याची साखळी सुरू होते, आणि ती जखमेपाशी नाही, तर अंगभर बारीक रक्तवाहिन्यांत. फायब्रिनोजेन आणि प्लेटलेट तिथेच खर्ची पडतात. झालेल्या गुठळ्या विरघळवण्याची क्रियाही जोर धरते. मग वार सुटलेल्या जागी, जिथे गुठळी हवी, तिथे काही उरतच नाही. म्हणजे तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे. आधी गोठलं म्हणूनच नंतर वाहिलं.

छापील आकडे गरोदर नसलेल्यांचे असतात. दिवस भरत आले की फायब्रिनोजेन ४०० ते ६०० असतं. त्यातून १५० म्हणजे मोठी घसरण. रक्तस्राव चालू असताना २००च्या खाली गेलं की आम्ही थांबत नाही. क्रायोमधून तेच भरून काढतात.

पुढच्या वेळी पुन्हा असं न होता बाळंतपण झाल्याच्या नोंदी आहेत. मात्र रक्तपेढी आणि आयसीयू असलेली जागाच निवडा, आणि हे कागद पहिल्याच तपासणीला दाखवा.

धागाकर्ती:
डॉक्टर, खूप आभार. आईला वाचून दाखवलं. 'चालण्यानं हे होत नाही' एवढंच तिनं तीनदा वाचायला लावलं. कागद आजच एका फायलीत लावते.