दुसऱ्या शनिवारचा चित्रपट बंद करावा काय?

खिडकीजवळची खुर्ची

आपल्या वाचनालयाच्या सभासद-गटात परवा एका ज्येष्ठ सभासदांनी लिहिले की, नाट्यगृहात दर दुसऱ्या शनिवारी होणारा परदेशी चित्रपट आणि माहितीपटांचा उपक्रम येत्या वार्षिक सभेत ठराव करून बंद करावा. येणारी माणसे पंचवीस-तीस, विजेचा आणि प्रोजेक्टरचा खर्च सर्वांच्या वर्गणीतून, आणि ज्याला जे पाहायचे ते आता त्याच्या मोबाइलवर आहेच, असे त्यांचे म्हणणे. शेवटी त्यांनी ‘वाचनालय वाचण्यासाठी असते’ असे लिहिले आहे. त्या एका वाक्याने मी दोन दिवस अस्वस्थ आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

आपल्याकडची जुनी वाचनालये नुसती पुस्तकांची कपाटे कधीच नव्हती. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून गावोगावच्या वाचनालयांनी व्याख्यानांना जागा दिली, आणि व्याख्यान ऐकायचे असते, वाचायचे नसते. नाशिकच्या १८४० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयाचे तर स्वतःचे नाट्यगृह आहे. नाटकाला आणि व्याख्यानाला आपण ‘वाचन’ मानले, मग इराणमधल्या किंवा जपानमधल्या माणसाने पडद्यावर सांगितलेली गोष्ट परकी का ठरावी?

पाहणाऱ्यांच्या संख्येबद्दलही सांगतो. भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव १९५२ च्या जानेवारीत मुंबईत भरला आणि तिथे इटलीचे नववास्तववादी चित्रपट आपल्या लोकांनी प्रथमच एकत्र पाहिले. पाहणाऱ्यांत बिमल रॉय होते. स्टुडिओबाहेर, खऱ्या रस्त्यावर, खऱ्या उन्हात कॅमेरा नेता येतो हे त्यांना तिथे दिसले आणि पुढच्याच वर्षी त्यांचा ‘दो बीघा जमीन’ हा शेतकऱ्यावरचा चित्रपट आला. एका खेळाचे फळ त्या दिवशीच्या तिकिटांत मोजता येत नाही. आपल्या पंचवीस जणांत सातवीतली एक मुलगी नेमाने येते. तिच्या वहीत मी पाहिले आहे, ती प्रत्येक चित्रपटातले घर आतून कसे होते याचे चित्र काढते.

जुना सभासद

तो मजकूर माझाच आहे, तेव्हा उत्तरही मीच देतो. मी चव्वेचाळीस वर्षे या वाचनालयाचा सभासद आहे. संदर्भ विभागातले विश्वकोशाचे खंड बांधणीवाचून सुटे झाले आहेत. आपल्या दोन कर्मचाऱ्यांच्या हाती महिन्याला जे पडते त्यात घर चालत नाही. अनुदानाचा हप्ता लांबला की तेही थांबते. अशा वेळी आधी बांधणी, आधी पगार, मग चित्रपट, एवढेच माझे म्हणणे आहे. त्यात कोणाला अरसिकपणा दिसत असेल तर माझा नाइलाज आहे.

माहितीपटांविषयी मला विशेष बोलायचे आहे. आमच्या तरुणपणी प्रत्येक चित्रपटगृहात मुख्य खेळाआधी फिल्म्स डिव्हिजनची रीळे दाखवणे सक्तीचे होते. त्या वेळात अर्धे प्रेक्षक बाहेर चहा पीत उभे असत. लोकांना ते नको होते हे सरकारलाही ठाऊक होते, तरी दाखवत राहिले. आज तेच आपण स्वखर्चाने करायचे काय? शिवाय गेल्या दोन वेळा माहितीपटानंतरची चर्चा राजकारणावर गेली, दोन सभासदांत तू-तू मैं-मैं झाली आणि त्यातल्या एकाने पुस्तके परत करून अनामत मागितली. वाचनालयाने सभासद तोडायचे नसतात.

गिरणगावचा मुलगा

आपल्या वयाचा मान राखून लिहितो, पण ‘लोकांना ते नको होते’ हे वाक्य मला लागले.

माझे वडील मुंबईत गिरणीच्या साचाखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले बहुतेक परत आत गेलेच नाहीत. आम्ही गावी आलो. त्यानंतर वडिलांनी गिरणीविषयी घरात एक शब्द काढला नाही. आईने विषय काढला तर ते उठून अंगणात जात. दोन वर्षांपूर्वी याच नाट्यगृहात गिरणगावावरचा एक माहितीपट लागला, तेव्हा मी त्यांना जवळजवळ ओढून नेले. पडद्यावर मागांची रांग दिसली आणि तो आवाज सुरू झाला, तशी त्यांनी माझे मनगट धरले. चित्रपट संपल्यावर ते स्वतःहून उभे राहिले आणि बदली कामगार म्हणजे काय, जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, मर्जीवर रोजची हजेरी कशी ठरे, कापसाच्या धुळीने रात्री खोकला कसा येई, हे त्यांनी वीस मिनिटे सांगितले. मी त्यांचा मुलगा, आणि मी हे प्रथमच ऐकत होतो. गेल्या पावसाळ्यात ते गेले. ती वीस मिनिटे मला मोबाइलवर मिळाली नसती, कारण मोबाइलवर त्यांनी तो माहितीपट पाहिलाच नसता, आणि पाहिला असता तरी ते कोणासमोर उभे राहिले असते?

सक्तीची सरकारी रीळे आणि हे एकच, असे कृपया लिहू नका.

जुना सभासद

आपल्या वडिलांविषयी वाचून वाईट वाटले. ते विधान सरसकट होते; ते मी मागे घेतो. खर्चाचा मुद्दा मात्र तसाच उभा आहे.

निवृत्त शिक्षिका

दोन्ही बाजूंनी एक गोष्ट कोणीच लिहिली नाही, म्हणून मला लिहावे लागते. पंचवीसच माणसे का येतात? कारण खाली पडद्यावर इंग्रजी अक्षरे धावतात. मी एकतीस वर्षे मराठी शाळेत शिकवले. मला इंग्रजी वाचता येते, पण त्या वेगाने नाही. वाक्य अर्धे वाचून होते तोवर दुसरे आलेले असते, आणि अक्षरे वाचावीत तर माणसांचे चेहरे निसटतात. मागच्या महिन्यात अर्धे सभागृह हसले आणि मी व माझ्या शेजारच्या दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. त्या दोघी परत आल्या नाहीत. ज्या संस्थेच्या पाटीवर पहिला शब्द मराठी आहे, तिने आपल्या सभासदाला त्याच्याच नाट्यगृहात असे अडाणी ठरवावे, याची मला अजून चीड येते.

सॉफ्टवेअरवाला

बाई, आपला त्रास समजतो, पण जगभर हेच चालते. इंग्रजी ही आज जोडभाषा आहे. चार-सहा चित्रपट पाहिले की वेग आपोआप येतो. त्यासाठी सगळा उपक्रम मराठीत आणा म्हणणे म्हणजे तो बंद पाडणे आहे, कारण हे काम करणार कोण?

निवृत्त शिक्षिका

सत्तरीत माझी परीक्षा घेऊ नका. ‘सवय करून घ्या’ हे वाक्य आम्ही दवाखान्यात ऐकतो, बँकेत ऐकतो आणि आता वाचनालयातही ऐकायचे काय? जपानमध्ये जपानी उपशीर्षके लागतात, फ्रान्समध्ये फ्रेंच लागतात. जगभर हेच चालते असे आपण कोणत्या जगाविषयी म्हणत आहात?

अनुवादाची हमाली

मी पोटासाठी उपशीर्षकांचे काम करतो, म्हणून अडचणी सांगतो. पडद्यावर एका वेळी दोन ओळी बसतात, एका ओळीत चाळीसेक अक्षरखुणा, आणि सहा-सात सेकंदांपेक्षा जास्त वेळ ती ओळ ठेवता येत नाही. मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे लांब वाक्य दोन पाट्यांत तोडले की पहिली पाटी अधांतरी लोंबकळते. वाक्य आतून नव्याने बांधावे लागते. दीड तासाच्या चित्रपटात हजारभर पाट्या सहज होतात. हे काम रविवारी दुपारी हौसेने होत नाही, आणि फुकट तर मुळीच होऊ नये. आमच्या कामाचा मोबदला विचारला की संस्था ‘समाजकार्य’ हा शब्द पुढे करतात. एका संस्थेसाठी मी असे तीन चित्रपट केले आणि पत्रिकेवर माझे नावही नव्हते.

फारसीचा विद्यार्थी

अडचणी खऱ्या आहेत, पण इंग्रजीवर अवलंबून राहिल्याने काय गमावतो तेही पाहावे. इराणी दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामी यांचा १९८७ चा चित्रपट आपल्याकडे दाखवला होता: एक मुलगा चुकून वर्गमित्राची वही घरी आणतो, आणि उद्या वहीत गृहपाठ नसेल तर मित्राला शाळेतून काढतील म्हणून त्याचे घर शोधत शेजारच्या गावाला धावतो. त्याचे फारसी नाव ‘खाने-ये दूस्त कोजास्त’, म्हणजे ‘मित्राचे घर कुठे आहे’. ‘दूस्त’ म्हणजे आपला दोस्त. ‘खाने’ म्हणजे घर, आपल्या दवाखान्यातला आणि कारखान्यातला खाना. नावातले तीनपैकी दोन शब्द आपल्या घरातले आहेत, आणि ते आपल्याला इंग्रजीतून समजावून घ्यावे लागतात! फारसी आपल्या व्यवहारात इतकी मुरली होती की शिवाजी महाराजांना राज्यव्यवहारकोश करवून घ्यावा लागला. शहर, दरवाजा, पडदा, चेहरा, जमीन हे शब्द इराणी माणसाच्या तोंडून ऐकू येतात तेव्हा खाली मराठी अक्षरे असतील तर प्रेक्षकाच्या अंगावर काटा येईल. इंग्रजी अक्षरे असली की तो कानच बंद होतो.

अनुवादाची हमाली

हे मान्य करावे लागते. इंग्रजी पाट्यांवरून मराठी करणे म्हणजे उष्ट्यावरून स्वयंपाक, असे मी नेहमी म्हणतो. मूळ भाषा जाणणारा कोणी शेजारी बसला तर काम वेगळे होते.

सॉफ्टवेअरवाला

निदान तंत्राची अडचण नाही, एवढे मीही कबूल करतो. उपशीर्षकांची फाइल म्हणजे वेळ आणि वाक्य लिहिलेला साधा मजकूर असतो. देवनागरीत लिहून चित्रपटासोबत लावता येते. माझा आक्षेप माणूसबळाला होता, मराठीला नव्हता. तसा अर्थ निघाला असेल तर शब्द चुकले.

खिडकीजवळची खुर्ची

धागा माझ्या प्रश्नावरून उपशीर्षकांवर गेला, आणि मूळ प्रश्नाचे उत्तर तिथेच निघते आहे असे मला वाटू लागले आहे. मूकपटांच्या काळात मुंबईत एकाच पाटीवर तीन-चार लिप्यांत मजकूर असे, आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी कोणी तरी तो मोठ्याने वाचे. जपानमध्ये तर पडद्याशेजारी उभे राहून गोष्ट सांगणारे ‘बेंशी’ होते आणि लोक त्यांच्या नावावर तिकिटे काढीत. चित्रपट आणि प्रेक्षक यांच्यामध्ये एक माणूस उभा राहू शकतो, हे आपण विसरलो. पंचवीस हा आकडा मी रसिकतेचा दाखला म्हणून मिरवत होतो. बाईंच्या शेजारच्या दोघी त्या आकड्यातून गळल्या, ही माझी चूक आहे, कारण चित्रपट निवडणाऱ्या समितीत मी आहे.

निवृत्त ग्रंथपाल

दोन गोष्टी नोंदवतो. पहिली कायद्याची. दुकानातून आणलेली डीव्हीडी घरी पाहण्यासाठी असते. सभागृहात लावायची तर हक्कधारकाची परवानगी हवी आणि सार्वजनिक खेळासाठी १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याचेही पाहावे लागते. मराठी उपशीर्षके हाही अनुवादच, म्हणून त्याचीही परवानगी त्याच पत्रात मागावी. आपल्या समितीने परदेशी सांस्कृतिक केंद्रांमार्फत रीतसर चित्रपट मिळवले आहेत, हे मी पत्रव्यवहार पाहून सांगतो. माहितीपटकार तर बहुतेकदा स्वतः परवानगी देतात आणि बोलावले तर येतातही.

दुसरी भांडणाविषयी. ज्या कपाटात टिळकांचे लेख आहेत त्याच कपाटात आगरकरांचे आहेत, आणि त्या दोघांचे किती कडाक्याचे भांडण झाले हे सर्वांना माहीत आहे. ती पुस्तके शेजारी ठेवताना मला कधी सभासद तुटण्याची भीती वाटली नाही. चर्चेला अध्यक्ष नेमावा, प्रत्येकाला तीन मिनिटे द्यावीत. चर्चा बंद करणे हा उपाय नव्हे.

जुना सभासद

तीन मिनिटांचा नियम असेल तर चर्चेवरचा माझा आक्षेप मी तूर्त बाजूला ठेवतो, सोडत नाही. खर्चाविषयी मात्र ऐकून घ्या. नाट्यगृह लग्नाच्या बोलण्यांना आणि बचत गटांच्या मेळाव्यांना भाड्याने जाते, ते उत्पन्न वेगळ्या वहीत आहे. चित्रपटाचा खर्च त्या वहीतून करावा आणि वर्गणीची पै न् पै पुस्तकांवर व पगारावर पडावी. हा बदल ठरावात आला तर मी विरोधात मत देणार नाही. बाजूने देईन असेही समजू नये.

गिरणगावचा मुलगा

एवढे पुरे आहे. बांधणीच्या खर्चासाठी वडिलांच्या नावाने माझी रक्कम धरावी. विश्वकोशाच्या सुट्या खंडांपासून सुरुवात करा.

निवृत्त शिक्षिका

आणि इराणी चित्रपटाची परवानगी आली की वाक्ये मला पाठवा. फारसीच्या विद्यार्थ्याने शेजारी बसावे, अनुवादकांनी तपासावे आणि त्यांचे नाव पडद्यावर सर्वांत आधी यावे. त्यांच्या मोबदल्याचे समितीने आत्ताच लेखी ठरवावे. पहिल्या दोनशे पाट्या मी घेते. वर्गात फळ्यावर लिहायचे असे, तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलाला वाचता यावे एवढे मोठे अक्षर काढण्याची सवय आहे. पडद्यावरची अक्षरे किती मोठी ठेवता येतील तेवढे मात्र मला आधी कळवा.