ट्रम्प यांचे फ्राईज: बातमी की फुकटची जाहिरात?

जर्सीकर: २० ऑक्टोबर २०२४. पेनसिल्व्हेनियातल्या फीस्टरव्हिलमध्ये निवडणुकीच्या प्रचारात ट्रम्प एप्रन बांधून मॅकडोनाल्ड्सच्या खिडकीतून पाकिटं देताहेत. दुकान तेव्हा गिऱ्हाइकांना बंद, खिडकीशी आलेल्या गाड्या आधीच निवडून तपासलेल्या. सगळा नाटकाचा प्रयोग! प्रतिस्पर्धी कमला हॅरिस यांनी तरुणपणी मॅकडोनाल्ड्समध्ये काम केलं हे खोटं, असा पुराव्याविना आरोप ते करत होते. तो फ्राईजबरोबर घरोघरी पोचला. अशा ठिकाणी वाहिन्यांनी कॅमेरा पाठवूच नये.

बोरूबहाद्दर: दुकान बंद होतं हे तुम्हाला कळलं कुठून? बातमीतूनच ना? उमेदवार काय करतो ते दाखवायचं नाही तर काय दाखवायचं? शिवाय त्यांच्याकडे ट्रुथ सोशल हे स्वतःचं समाजमाध्यम आहे. कोंबडं झाकून तांबडं फुटायचं थांबत नाही.

जर्सीकर: कळलं, पण बातमी उघडून खाली गेल्यावर. फोनवर आधी आला तो फोटो. बरं, कोंबडं झाकू नका. पण खुराडं कुणाचं ते मथळ्यात सांगा की!

तिरकस: १६ सप्टेंबर २०१६ आठवतंय? ओबामा अमेरिकेत जन्मलेच नाहीत अशी शंका वर्षानुवर्षं पसरवणारे ट्रम्प त्याबद्दल बोलणार म्हणून वॉशिंग्टनमधल्या त्यांच्याच नव्या हॉटेलातून थेट प्रक्षेपण. आधी हॉटेलचं कौतुक, मग माजी सैनिकांनी गायलेली ट्रम्पस्तुती, आणि शेवटी ओबामा अमेरिकेतच जन्मले एवढी कबुली. वर ही शंका पहिल्यांदा तेव्हाच्या प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांनी काढली ही थाप. प्रश्न घेतलेच नाहीत.

बोरूबहाद्दर: पुढचं सोडलंत. नंतर हॉटेल दाखवायला फक्त कॅमेरे नेले, बातमीदारांना अडवलं. तेव्हा वाहिन्यांनी ते चित्रीकरण वापरलं नाही. कणा आहे म्हणायचा.

तिरकस: जाहिरात दाखवून झाल्यावर कणा! सीबीएस वाहिनीचे तेव्हाचे प्रमुख लेस मूनव्हेस त्याच वर्षी बोलून गेले होते, हे अमेरिकेसाठी चांगलं नसेलही, पण सीबीएससाठी झकास आहे. गल्ला भरतोय म्हटल्यावर कॅमेरा हलतो कशाला?

बोरूबहाद्दर: गल्ला भरला नाही तर बातमीदारांचे पगार तुम्ही देणार?

जुना फोटोवाला: मधेच बोलतो. आमच्या गावात एका नेत्याची झाडूफेरी होती. रस्ता लख्ख, म्हणून कचरा टेम्पोतून आणून ओतला. मी चार पावलं मागे सरलो, नेता, झाडू आणि टेम्पो एकाच फ्रेममध्ये घेतले. खूश होतो. सकाळी पेपर उघडला तर फोटो तीन कॉलमी, आणि टेम्पो कापलेला.